चुकीलाही व्याकरण असतं

"सर, शॅल आय क्लोज द फॅन?" असं वर्गात कुणी विचारलं की मागच्या बाकांवर हशा ठरलेला. विचारणारा बहुतेक वेळा भोकरदन, जाफ्राबादकडून मराठी मीडियमने आलेला असतो आणि हसणारे आम्ही कॉन्व्हेंटवाले. पण मित्रांनो, या वाक्याकडे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. मराठीत दार बंद करतात, दुकान बंद करतात, पंखाही बंदच करतात. क्रियापद एकच. इंग्रजीत दाराला एक, पंख्याला दुसरं. त्या मुलाने नियम अगदी इमानदारीने लावलाय, फक्त तो नियम इंग्रजीचा नाही!

अशा गोष्टींचा अभ्यास करणारी एक शाखा आहे, उपयोजित भाषाविज्ञान. म्हणजे आपलं अप्लाइड मेकॅनिक्स असतं ना, तसंच भाषेचं. एडिनबरो विद्यापीठातल्या पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. घाईत जीभ घसरते ती चूक वेगळी आणि पुन्हा पुन्हा एकाच पद्धतीने होते ती वेगळी. ही दुसरी चूक म्हणजे मीटरवरचं रीडिंग समजा, शिकणाऱ्याच्या डोक्यात आत्ता कुठला नियम तयार झालाय ते दाखवणारं. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या अवस्थेला 'इंटरलँग्वेज' म्हटलं. मधली भाषा म्हणू या. धड मराठी नाही, धड इंग्रजी नाही, पण तिचे स्वतःचे नियम आहेत.

एक झकास उदाहरण देतो. मराठीत आपण म्हणतो, "तो म्हणाला की मी उद्या येतो." याचं सरळ इंग्रजी केलं तर "ही सेड दॅट आय ॲम कमिंग टुमारो." आता येणार कोण? मराठीत तो, इंग्रजीत मी! आपला 'की' दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवू देतो, इंग्रजीचा 'दॅट' ठेवू देत नाही. हे सांगितल्याशिवाय कळणार कसं?

पण सगळाच दोष मराठीला देऊ नका. 'टीच'चं 'टीच्ड', 'गो'चं 'गोड' हे मराठीतून आलेलं नाही, इंग्रज पोरंही लहानपणी 'गोड' म्हणतात. आपल्याकडची छोटी मुलं "मी करलं" म्हणतात ना, अगदी तसंच. 'करलं' त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. 'धरलं', 'भरलं' ऐकून त्यांनी स्वतःच फॉर्म्युला काढलेला असतो.

आता खरा प्रश्न. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज फर्स्ट इयरला येणारा मुलगा बारा वर्षं इंग्रजी शिकून येतो, तरी ओरलला गप्प! उत्तर येत असतं बरं का. मराठीत विचारलं तर डायोडचं कॅरॅक्टरिस्टिक फडाफडा सांगेल. माझ्या मते कारण सोपं आहे. बारा वर्षं इंग्रजी हा 'विषय' होता, तिने काही काम करायचं नव्हतं.

दुसऱ्याच भाषेतून शिकायची वेळ या भागावर पहिल्यांदा आलेली नाही. १९४८ पर्यंत भोकरदन निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. घरात मराठी, सरकारी कामकाज उर्दूत. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर सायन्ससुद्धा उर्दूतून शिकवत, आणि इंग्रजी सक्तीचा विषय. म्हणजे तेव्हाच्या मराठी मुलाला दोन परक्या भाषांचे डोंगर! आता २०२१ पासून एआयसीटीईने मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आहे. चांगलंच आहे, पण डेटाशीट आणि इंटरव्ह्यू अजून बहुतेक इंग्रजीतच असतात. तेव्हा इंग्रजी टळत नाही.

मग शिकवायचं कसं? यावर आपल्याच देशात एक मोठा प्रयोग झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास अशा दक्षिण भारतातल्या काही शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली. रेल्वेचं वेळापत्रक वाचून गाडी शोधा, नकाशावरून रस्ता सांगा. लक्ष अर्थावर ठेवलं की व्याकरण आतल्या आत बसत जातं, असं त्यांचं म्हणणं. हे सगळ्यांना पटलं नाही, व्याकरण सांगायलाच हवं म्हणणारेही बरेच आहेत. आणि वरचा 'की'चा घोळ बघता त्यांचंही थोडं खरं वाटतं.

त्यांच्या कामांचा एक प्रकार होता 'इन्फर्मेशन गॅप': एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे नाही, ती भाषेतून पोचवायची. हा आम्ही हॉस्टेलवर करून पाहिला. एकाने सर्किट बघून फक्त इंग्रजीत वर्णन करायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. भोकरदनचा माझा रूममेट पहिल्या रात्री "बॅटरी इज कम फर्स्ट" असं बोलत होता. कुणी सुधारलं नाही, हसलंही नाही. अर्ध्या तासाने कागदावर ब्रिज रेक्टिफायर तयार होता, चारही डायोड योग्य दिशेला. बॅटरीऐवजी ट्रान्सफॉर्मर हवा, हेही त्यानेच मधे थांबून सांगितलं, इंग्रजीत.