एक रायफल पुरते, मग कपाटात सहा कशाला?

अमेरिकेत हरणाची शिकार करणाऱ्याला खरं तर एक रायफल जन्मभर पुरते. १९०६ साली लष्करासाठी आलेलं 'थर्टी-ऑट-सिक्स' काडतूस हरणापासून मूसपर्यंत सगळ्याला चालतं. तरी कपाट भरतच जातं! १९२५ला .२७० विंचेस्टर आलं, लेखक जॅक ओ'कॉनरनी त्याची भरभरून तारीफ केली. मग १९५२ला .३०८, २००७ला ६.५ क्रीडमूर. दर वेळी नवं निमित्त. (हरणाला काही फरक पडत नाही.)

पण खरा जीव अडकतो विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये. १९३६ची ही रायफल कंपनीने १९६४ला खर्च वाचवायला बदलली. आधीच्या बोल्टवर माउझर पद्धतीचा लांब पोलादी पंजा असायचा. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच तो त्याचं बूड पकडायचा. तो गेला. लाकडी दस्त्यावरची कोरीव जाळीही गेली, तिथे ठशाने दाबलेली नक्षी आली. म्हणून 'प्री-६४'ला आजही जास्त भाव मिळतो. माझ्या मते हा एकच मोह माफ!

आपल्याकडे मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळपास बंदच आहे आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात.