अयोध्या नगरच्या गच्चीवरून आठ किलोमीटर: रेडिओ लिंक जुळवताना सिग्नल नेमका कुठे हरवतो?

भोपाळच्या पूर्वेला, भेलच्या वसाहती ओलांडल्या की अयोध्या नगर लागतं. त्याच्या कडेने जाणारा अयोध्या बायपास रत्नागिरी तिराहा ते आसाराम तिराहा असा धावतो. (नावावर जाऊ नका, या रत्नागिरीत हापूस नाही.) हा रस्ता रुंद करण्याचं काम निघालं आहे. रस्ता रुंद होतो तिथे जेसीबी येतो, आणि जेसीबी येतो तिथे जमिनीतली फायबर तुटते. हे बेळगावला खरं आहे, बुऱ्हाणपूरला खरं आहे आणि नव्याने जिल्हा झालेल्या पांढुर्ण्यातही खरं आहे.

फायबर तुटली की दवाखान्याचं बिलिंग थांबतं, कोचिंग क्लासचा ऑनलाइन पेपर अडकतो, घरून नोकरी करणाऱ्याची रजा पडते. म्हणून अनेक लहान इंटरनेटवाले, शाळा आणि कारखाने दुसरा रस्ता हवेतून ठेवतात. दोन गच्च्यांवर दोन डिश, समोरासमोर. याला पॉइंट-टू-पॉइंट मायक्रोवेव्ह लिंक म्हणतात. सामान तासाभरात लागतं, पण ते नीट जुळवणं हे वेगळं काम आहे आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

दिसतं म्हणजे जातं, असं नाही

पहिला प्रश्न असतो, समोरची जागा दिसते का? भोपाळला टेकड्या आहेत, हे इथलं नशीब. अरेरा हिल्स, श्यामला हिल्स, ईदगाह हिल्स अशा उंच जागी एक टोक असेल तर मधली घरं खाली राहतात. सपाट गावात हीच लिंक करायला उंच टॉवर लागतो.

पण नुसतं दिसून भागत नाही. रेडिओलहर दोरीसारखी सरळ जात नाही, ती मधे फुगलेल्या काकडीच्या आकाराची जागा घेते. या जागेला फ्रेनेल झोन म्हणतात. अंतर ८ किलोमीटर आणि फ्रिक्वेन्सी ५.८ गिगाहर्ट्झ धरली, तर बरोबर मध्यावर या काकडीची त्रिज्या सुमारे १० मीटर भरते. त्यातली किमान ६० टक्के, म्हणजे ६ मीटर जागा मोकळी हवी. शिवाय पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यावर जवळजवळ एक मीटरचा फुगवटा येतो. ८ किलोमीटरला हा एक मीटर किरकोळ वाटेल, पण ४० किलोमीटरच्या लिंकला तोच फुगवटा २३ मीटरच्या पुढे जातो.

गंमत अशी की गावातल्या लिंक बहुधा मध्यावर अडत नाहीत, त्या आपल्याच दारात अडतात. डिशपासून २०० मीटरवरच्या शेजाऱ्याच्या गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसली की काम संपलं. तिथे रेषेभोवती दोन मीटर तरी मोकळे हवेत. झाडांचंही तसंच. मार्चमध्ये पानगळीत लावलेली लिंक जुलैत रडते, तेव्हा दोष पावसाला दिला जातो. खरा दोष असतो समोरच्या पिंपळाच्या ओल्या पानांचा. म्हणून पाहणीच्या वेळी झाड पुढच्या तीन-चार वर्षांत किती वाढेल, याचाही अंदाज घ्यायचा.

आधी हिशेब, मग पाना

चांगला तंत्रज्ञ गच्चीवर चढण्याआधी एक आकडा काढून ठेवतो: समोर सिग्नल किती यायला हवा. ८ किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झची लहर मोकळ्या हवेत सुमारे १२६ डेसिबल कमजोर होते. नियमाप्रमाणे ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात डिशच्या तोंडातून निघणारी एकूण ताकद ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॉटपर्यंतच चालते. पलीकडच्या डिशची पकड ३० डेसिबल धरा. छत्तीसमधून एकशे सव्वीस वजा, वर तीस जमा. उत्तर उणे ६० डीबीएम. हा आकडा वहीत लिहायचा आणि मगच वर जायचं.

यात एक खोच आहे. ३६ ही मर्यादा डिशसकट आहे. डिश एकटी ३० डेसिबलची असेल तर रेडिओला ६ डीबीएमच द्यायचे, म्हणजे जेमतेम ४ मिलिवॉट. ‘पॉवर फुल्ल ठेव रे’ ही आपली सवय इथे नियम मोडते, आणि शेजारच्या दहा लिंकही बिघडवते.

मग पाइप. ६० सेंटिमीटरच्या डिशवर ताशी १२० किलोमीटर वाऱ्याचा दाब साधारण २५ किलो पडतो. वळवाच्या वावटळीत पाइप थोडा जरी फिरला तरी नेम चुकतो. त्यामुळे पाइप भिंतीला दोन ठिकाणी अँकर बोल्टने धरलेला हवा, उंच असेल तर तीन बाजूंनी ताणाच्या तारा हव्यात, आणि ओळंबा लावून तो सरळ उभा आहे ना, ते बघायला हवं. पाइपच तिरका असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना वर-खालीही होत राहते, आणि जुळवणाऱ्याचा दिवस त्यातच जातो.

शिखर एकच नसतं

आता खरं काम. नकाशाच्या अ‍ॅपवरून समोरच्या जागेची दिशा अंशांत काढतात. मोबाइलचा कंपास पाइपजवळ धरू नका, लोखंड त्याला फसवतं. चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्यायची आणि त्या रेषेतली एखादी खूण पकडायची. पाण्याचा टाका, मंदिराचा कळस, मोबाइल टॉवर, काहीही चालेल. खूण सापडत नसेल तर समोरच्याला आरशाने ऊन चमकवायला सांगायचं. जुनी युक्ती आहे, अजून चालते.

६० सेंटिमीटरच्या डिशचा मुख्य झोत ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे ६ अंश रुंद असतो. मध्यापासून ३ अंश सरकलात की ताकद निम्मी. ८ किलोमीटरवर ३ अंश म्हणजे ४२० मीटर, तेव्हा नेम तसा उदार आहे. हीच डिश १८ गिगाहर्ट्झला वापरली तर झोत दोन अंशांच्या आत येतो, तिथे हात थरथरला तरी कळतं.

फसवणूक मात्र दुसरीकडे आहे. प्रत्येक डिशला मुख्य झोताच्या आजूबाजूला लहान झोत असतात. आठ-दहा अंश बाजूला गेलात की सिग्नल पडतो, मग पुन्हा थोडा चढतो. नवखा माणूस तिथेच थांबतो. आकडा चढला, आता उतरतोय, म्हणजे हेच शिखर, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात ते मुख्य शिखरापेक्षा १८-२० डेसिबल खाली असतं, म्हणजे ताकद साठ ते शंभर पटींनी कमी. लिंक तरीही चालू होते, बिलही निघतं. पहिल्या वादळी रात्री ती बसते.

म्हणून पहिल्या शिखरावर थांबायचं नाही. डिश दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश फिरवायची आणि आकडे लिहीत जायचे. छोटं, मोठं, छोटं अशी तीन टेकाडं दिसली की मधलं आपलं. मधल्याच्याही माथ्यावर अंदाजाने थांबू नका. माथा चपटा असतो, तिथे अर्धा अंश इकडे-तिकडे झालेला कळत नाही. दोन्ही बाजूंना सिग्नल ३ डेसिबल पडेल तिथे पाइपवर खुणा करायच्या आणि त्यांच्या बरोबर मधे डिश आणायची. हात सावकाश चालवायचा, कारण रेडिओचा आकडा एक-दोन सेकंद मागून येतो.

आडवी दिशा झाली की उभी. इथे डीटीएच बसवणारे चुकतात, डिश आकाशाकडे करतात. उपग्रह आकाशात ३६ हजार किलोमीटरवर असतो, आपलं टोक मात्र समोर आहे. ८ किलोमीटरवर ५० मीटर उंचीचा फरक म्हणजे अर्ध्या अंशाहूनही कमी, तेव्हा डिश जवळजवळ सपाटच बघणार.

सगळ्यात महत्त्वाची शिस्त: एक हलवतो तेव्हा दुसरा हात लावत नाही. दोन्ही गच्च्यांवरून एकाच वेळी डिश हलली तर आकडा कोणामुळे बदलला, ते देवालाही कळायचं नाही. फोन स्पीकरवर ठेवायचा. आधी भोपाळच्या या टोकाने, मग त्या टोकाने, मग पुन्हा या टोकाने. तिसऱ्या फेरीत आकडा हिशेबाच्या दोन-तीन डेसिबलमधे आला पाहिजे. वहीत उणे ६० आहे आणि हातात उणे ७८, तर घरी जायचं नाही. एखादं टोक बाजूच्या झोतावर आहे, नाहीतर वाटेत काहीतरी आडवं आहे.

रेडिओ आडवी आणि उभी अशा दोन्ही ध्रुवणांत चालत असेल तर दोन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक चांगला आणि दुसरा दहा डेसिबल खाली असेल तर जोडणीत पाणी गेलंय, किंवा डिशचा मधला भाग वाकडा बसलाय. शेवटी बोल्ट आवळताना एकच बाजू पूर्ण घट्ट करायची नाही, आळीपाळीने आवळायचं आणि नजर आकड्यावर ठेवायची. आवळताना डिश हमखास सरकते.

पाऊस, वीज आणि कायदा

५.८ गिगाहर्ट्झला जोराच्या पावसातही थोडेच डेसिबल जातात. १८ गिगाहर्ट्झला ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत किलोमीटरमागे आठ-दहा डेसिबल जातात, म्हणून मोबाइल कंपन्या त्या पट्ट्यात अंतर कमी ठेवतात. पडताना थेंब चपटा होतो, त्यामुळे आडव्या ध्रुवणापेक्षा उभ्याला पावसाचा त्रास कमी.

विजेचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. गच्चीवरचा लोखंडी पाइप भोवतालातली सगळ्यात उंच वस्तू असतो. त्याला स्वतंत्र अर्थिंग हवं, केबल जाळीचं कवच असलेली हवी, आणि तिच्या दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर हवेत. केबल घरात शिरण्याआधी खाली झोका देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी आत न येता खाली ठिबकतं. ढग गडगडत असतील तर काम बंद. आणि सहा मीटरचा पाइप उभा करताना शेजारून ११ हजार व्होल्टची लाइन जात असेल तर आधी ती बंद करून घ्यायची. सिग्नल उद्याही मिळतो. कमरेला पट्टा बांधायला लाजणारे कारागीर फार आहेत, घरमालकानेच हट्ट धरावा.

५ गिगाहर्ट्झचे पट्टे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मधे परवान्यातून मोकळे केले. मोकळे याचा अर्थ बेशिस्त नव्हे. मंजूर उपकरण हवं, ताकदीची मर्यादा पाळायची, दुसऱ्याला अडथळा करायचा नाही आणि आपल्याला अडथळा झाला तर संरक्षण मागता येत नाही. इंटरनेट पुढे विकायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा. याच पट्ट्यांत, ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास, सी-बँड हवामान रडार चालतात. मुंबईत वेरावलीला असं रडार जानेवारी २०२२ मधे सुरू झालं. रडार ओळखून रेडिओने आपोआप चॅनेल सोडावा अशी सोय असते, ती ‘लिंक सारखी तुटते’ म्हणून बंद करणारे महाभाग आहेत. ढगांच्या चित्रात त्यांची रेघ उमटते.

जिथे झाडी आणि डोंगर हटतच नाहीत, तिथे काय? पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने हा प्रश्न घेतला. टीव्हीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली रिकामी जागा वापरून त्यांनी सात गावांत चाचणी केली. लहर जितकी लांब, तितकी ती पानांतून आणि कडेवरून बरी निभावते. मात्र फ्रेनेलची काकडी जाड होते आणि डिशऐवजी मोठा अँटेना लागतो. तो पट्टा कुणालाही आपल्या मनाने वापरता येत नाही, त्यामुळे अयोध्या नगरच्या गच्चीसाठी ५.८ गिगाहर्ट्झच बरं.

लिंक चालू झाली की दिशा, उंची, दोन्ही टोकांचे आकडे आणि तारीख एका कागदावर लिहून रेडिओच्या अडॅप्टरशेजारी चिकटवा. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा आकडा पडताळून बघा. तीन डेसिबल पडले असतील तर बोल्ट बघा, दहा पडले असतील तर शेजाऱ्याची गच्ची बघा.