यादी लांबली, गाव राहिलं

तारापूर एमआयडीसीत पगार सात तारखेच्या आसपास होतो आणि बोईसरच्या केबलवाल्यांची वसुलीही तेव्हाच सुरू होते. अशाच एका केबलचालकाबरोबर चाळींतून फिरत होतो. एका खोलीत भोजपुरी, शेजारी ओडिया, पलीकडे मराठी मालिका, बाजारात दुकानाच्या गल्ल्यामागे गुजराती बातम्या. एवढ्या भाषांचं गिऱ्हाईक एकाच तारेवर सांभाळणं हे कसबाचं काम आहे.

केबलचालक मोबाईलवर पोर्टल उघडतात, बॉक्सचा नंबर टाकतात, पॅक निवडतात. थोड्या वेळात चित्र येतं. "दादा, मला एकच चॅनल हवाय," असं म्हणणारा क्वचित भेटतो. "पॅकच घ्या, स्वस्त पडेल," हे त्यांचं उत्तर. हिशेब मांडला तर ते खरंही ठरतं.

फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनी प्रत्येक वाहिनीचा सुटा दर जाहीर करायला लावला. हवं तेच बघा, तेवढ्याचेच पैसे द्या, हा हेतू रास्त होता. पण वाहिन्यांचे समूह आपल्या पॅकवर सुट्या दरांच्या बेरजेच्या ४५ टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतात. मग एका गाजत्या मालिकेच्या वाहिनीमागोमाग त्याच समूहाच्या, कुणी न मागितलेल्या वाहिन्या घरात शिरतात. यादी लांबते, पण बघायला वेगळं काही मिळत नाही.

वेगळं दिसलं ते केबलच्या स्थानिक वाहिनीवर. पाड्यावरचा तारपा नाच, कोळीवाड्यातली पालखी, गावातले क्रिकेटचे सामने. निवेदनात मांगेली आणि वाडवळी बोली सहज येतात. चित्रीकरण साधंच, पण लोक जेवण थांबवून बघतात, कारण पडद्यावर ओळखीची माणसं असतात.

नियम आडवा येतो तो इथे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वाहिनीची नोंदणी हजार रुपयांत होते, रेकॉर्डिंग ९० दिवस जपावं लागतं. यात जाचक काही नाही. मात्र एका केबलच्या जाळ्यावरचा कार्यक्रम दुसऱ्या जाळ्याला देता येत नाही. सूट आहे ती धार्मिक स्थळांच्या थेट प्रक्षेपणाला. म्हणजे डहाणूच्या महालक्ष्मीचं थेट दर्शन सगळीकडे दाखवता येईल, पण बोईसरला टिपलेला तारपा नाच पालघरच्या दुसऱ्या केबलवर जाणार नाही. छोट्या केबलचालकाला एकट्यानं चांगला कार्यक्रम परवडत नाही. चौघांनी मिळून केला तर परवडेल. ज्या मंत्रालयानं देवळांना ही मोकळीक दिली, त्यानं ती लोककला, बोली आणि गावच्या खेळांनाही द्यावी.