चुंबकाची कच्ची जुडाई

मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपुढचं ऊन आणि पाठोपाठ जुलैची चिकट, दमट हवा. नागपुरातल्या ई-स्कूटरच्या मोटरला दोन्ही सोसावं लागतं. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. हब मोटर तर चाकातच असते, आणि तिच्यात बसवलेल्या चुंबकपट्ट्या असतात निओडिमियम, लोह आणि बोरॉनच्या.

हा चुंबक जबरदस्त ताकदीचा, पण पाण्याला फार हळवा. त्यातले मुख्य कण तसे टिकाऊ असतात. कणांच्या मधला निओडिमियमने भरलेला पातळ थर मात्र ओलाव्याशी चटकन अभिक्रिया करतो. विटा शाबूत आणि मधला गारा विरघळतोय, अशी ही भिंत. त्यात भर म्हणजे अभिक्रियेतून हायड्रोजन सुटतो, तो उरलेला थर फुगवतो आणि अख्खे कण सुटे होऊन भुकटी पडते. वरच्या निकेलच्या मुलाम्याला एक चरा गेला तरी ही पडझड आत सुरू होऊ शकते.

म्हणून खरा इलाज भट्टीतच करावा लागतो. थोडा कोबाल्ट मिसळला की तो या थरात शिरून निओडिमियमशी संयुग बनवतो. हे संयुग ओलाव्याला सहजी दाद देत नाही. तांब्याची जोड दिली तर परिणाम आणखी चांगला. गंमत अशी, की सत्तरच्या दशकाच्या अखेरीस झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) संघर्षामुळे कोबाल्ट महागला होता. पुढे जपानच्या मासातो सागावा यांनी कोबाल्टऐवजी लोहाचा आधार घेऊन हा चुंबक घडवला. तोच कोबाल्ट आता चिमूटभर परत आला. चिमूटभरच, कारण तो जास्त झाला तर चुंबकत्व टिकवण्याची क्षमता घटते. हे झालं ओलाव्याचं; उन्हाळ्यासाठी डिस्प्रोशियम हे मूलद्रव्य लागतं. त्याने उष्णतेत चुंबकत्व टिकतं, पण चुंबकाची ताकद थोडी कमी होते आणि किंमत वाढते. शिवाय एप्रिल २०२५पासून चीनने डिस्प्रोशियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आहे.

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने देशात असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. लक्ष्य वर्षाला ६,००० टनांचं. माझं आग्रहाचं म्हणणं असं, की चुंबक निवडताना ताकदीच्या आकड्याशेजारी गंजाचाही आकडा मागावा. त्यासाठी बिनमुलाम्याचा तुकडा बंद भांड्यात १३० अंशांच्या दमट वाफेत ठेवायचा आणि दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम वजन घटलं ते मोजायचं. नागपुरातल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या धातुशास्त्र विभागासारख्या ठिकाणी, विदर्भाच्या हवेचा विचार करून, ही चाचणी नेमाने व्हायला हवी.