मुक्त व्यावसायिक संकेतस्थळ रचनाकार : मोबदल्याची निश्चिती आणि संभाव्य ग्राहकांचा पाठपुरावा

प्रस्तावना

संगणकशास्त्राची पदवी घेऊन महाविद्यालयाबाहेर पडणारे काही विद्यार्थी नोकरीची वाट न पाहता, किंवा ती मिळेपर्यंत, संकेतस्थळे तयार करून देण्याचे काम स्वतंत्रपणे करू लागतात. गावातील रुग्णालय, पतसंस्था, मंगल कार्यालय, खासगी शिकवणी वर्ग, कोकणातील घरगुती निवासव्यवस्था हे त्यांचे पहिले ग्राहक होत. कामाचे तांत्रिक ज्ञान त्यांच्यापाशी असते. परंतु ‘किती पैसे घ्याल?’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसते. मग इतरांकडून ऐकलेला आकडा सांगितला जातो, किंवा ‘तुम्हीच काय ते द्या’ असे म्हणून निर्णय समोरच्यावर सोपविला जातो. दर कळविल्यानंतर ग्राहकाकडून उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो.

मोबदला ठरविणे हा हिशेबाचा विषय आणि पाठपुरावा करणे हा स्वभावाचा विषय, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः ही दोन्ही एकाच प्रक्रियेची अंगे आहेत. ज्या दरामागे हिशेब नाही, त्याचा पाठपुरावा आत्मविश्वासाने करता येत नाही. आणि ज्याचा पाठपुरावा होत नाही, तो दर कागदावरच राहतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा ऊहापोह करून महाविद्यालयीन अध्यापनाशी त्यांचा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मोबदल्याचा पाया : विकता येणारा तास

स्वतंत्र काम करणारा तरुण आपला दर बहुधा नोकरीच्या मापाने काढतो. महिन्याला ₹३०,००० मिळावेत अशी अपेक्षा असेल, तर महिन्याचे २५ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरून तो तासाचा दर ₹१५० काढतो. या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : प्रत्येक तासाचे पैसे मिळतात आणि व्यवसायाला खर्च येत नाही. दोन्ही गृहीतके चुकीची आहेत.

हाच हिशेब परिव्यय लेखांकनाच्या पद्धतीने मांडून पाहता येतो. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. घरखर्चासाठी दरमहा ₹३०,००० आणि संगणकाचा घसारा, इंटरनेट, वीज, दूरध्वनी, सॉफ्टवेअर, प्रवास यांसाठी दरमहा ₹८,००० धरले, तर वर्षाची गरज ₹४,५६,००० होते. आजारपण व कामाविना जाणारे महिने यांसाठी १० टक्के राखीव रक्कम मिळविली, की ती ₹५,०१,६०० वर जाते. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ रविवार आणि सणवार, आजारपण, घरची कार्ये यांचे ३३ दिवस वजा केल्यास २८० दिवस, म्हणजे २,२४० तास उरतात. यांतील निम्मे तास ग्राहक शोधणे, भेटी घेणे, दरपत्रके तयार करणे, वसुली करणे आणि नवे तंत्र शिकणे यांत जातात, असे धरल्यास विकता येणारे तास १,१२० राहतात. वार्षिक गरजेला या संख्येने भागले असता तासाचा दर सुमारे ₹४५० येतो. पहिल्या हिशेबाच्या तो तिप्पट आहे.

लहान रुग्णालयाच्या संकेतस्थळाचे काम या दराने मोजून पाहावे. चर्चा व मजकुराची जुळवाजुळव १० तास, आराखडा १६, पानांची बांधणी २४, भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील चाचणी ८, दुरुस्त्या ८ आणि संकेतस्थळ चालू करून कर्मचाऱ्यांना शिकविणे ६, असे एकूण ७२ तास लागतात असे समजू. ₹४५० प्रमाणे हे ₹३२,४०० होतात. अनपेक्षित अडचणींसाठी १५ टक्के, म्हणजे ₹४,८६० मिळविल्यास दर ₹३७,२६० येतो. हेच काम ₹१५० च्या दराने केले तर ₹१०,८०० मिळतात. परंतु ७२ तासांच्या कामामागे तेवढेच न विकलेले तास असल्याने प्रत्यक्षात तासाला ₹७५ पडतात. त्यातून व्यवसायखर्चाचा तासागणिक वाटा, सुमारे ₹४३, वजा केला की हाती ₹३२ उरतात. ‘काम भरपूर आहे, पण पैसा दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ येथे आहे.

कामाची व्याप्ती

तासांचा अंदाज चुकण्याचे प्रमुख कारण म्हणजे ‘संकेतस्थळ’ या शब्दात काय काय येते, हे आधी ठरलेले नसते. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. ग्राहकाकडील मजकूर पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये, छापील माहितीपत्रकावर किंवा हस्तलिखितात असतो. तो युनिकोडमध्ये आणणे, रूपांतरात बिघडलेली जोडाक्षरे तपासणे आणि शुद्धलेखन पाहणे यांत बांधणीइतकाच वेळ जाऊ शकतो. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत संकेतस्थळ हवे असल्यास मजकुराचे काम जवळजवळ दुप्पट होते. छायाचित्रे कोण काढणार, मजकूर कोण लिहिणार, दुरुस्त्या किती वेळा करून मिळणार, हे प्रश्न दर सांगण्यापूर्वीच विचारावयाचे असतात.

ग्राहकाने दर कमी करण्याचा आग्रह धरल्यास दर नव्हे, तर व्याप्ती कमी करावी. पानांची संख्या घटविता येते, दुसरी भाषा पुढच्या टप्प्यात घेता येते किंवा मजकूर टंकलिखित करून देण्याची जबाबदारी ग्राहकाकडे देता येते. त्याच कामाचा दर विनाकारण उतरविल्यास पहिला दर फुगविलेला होता, असा अर्थ ग्राहक काढतो.

आकारणीच्या पद्धती आणि दरपत्रक

तासागणिक, ठोक आणि मासिक अथवा वार्षिक देखभाल या आकारणीच्या तीन पद्धती रूढ आहेत. ज्या कामाची व्याप्ती निश्चित करता येते, त्यास ठोक रक्कम योग्य ठरते. दुरुस्ती किंवा दुसऱ्याने अर्धवट सोडलेले काम यांस तासागणिक आकारणी करावी. देखभालीचा करार वेगळा असावा. तो नसल्यास ‘एवढे एक पान बदलून द्या’ अशा विनंत्या वर्षानुवर्षे विनामूल्य पुरवाव्या लागतात. ग्राहकाला होणाऱ्या लाभाच्या प्रमाणात मोबदला घेण्याचीही एक पद्धत आहे. मात्र लाभ मोजण्याची सोय दोन्ही पक्षांना मान्य असेल तेव्हाच ती उपयोगी पडते. कोणतीही पद्धत स्वीकारली, तरी हिशेबाने काढलेला तासाचा दर ही खालची मर्यादा होय.

दरपत्रक लेखी असावे. त्यात कामाची यादी, समाविष्ट नसलेल्या बाबी, दुरुस्त्यांची संख्या, मुदत, हप्ते आणि दरपत्रक किती दिवस ग्राह्य राहील, यांचा उल्लेख हवा. काम सुरू करताना ४० टक्के, आराखडा मान्य झाल्यावर ३० टक्के आणि संकेतस्थळ चालू होण्यापूर्वी ३० टक्के ही विभागणी सोयीची ठरते. संकेतस्थळाचे नाव ग्राहकाच्याच नावे नोंदवावे, आणि ते नाव व सर्व्हरवरील जागा यांचे शुल्क वेगळे दाखवावे. सेवा पुरविणाऱ्याची वार्षिक उलाढाल ₹२० लाखांपेक्षा अधिक झाल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक होते. तसे असल्यास कराची रक्कमही स्वतंत्र लिहावी. कृतिस्वामित्व अधिनियम १९५७ नुसार, वेगळा करार नसल्यास, स्वतंत्र रचनाकाराने लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलीचा प्रथम स्वामी सामान्यतः तो स्वतःच असतो, आणि हे स्वामित्व लेखी करारानेच हस्तांतरित होते. म्हणून संपूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क ग्राहकाकडे जातील, असे कलम दोघांच्याही हिताचे आहे. ग्राहकाने ई-मेलद्वारे दिलेली संमती केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपाची आहे म्हणून अग्राह्य ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १०अ हे स्पष्ट करते.

संभाव्य ग्राहकाचा पाठपुरावा

दरपत्रक पाठविल्यानंतरचे मौन म्हणजे नकार नव्हे. पतसंस्थेत निर्णय संचालक मंडळाच्या सभेत होतो, रुग्णालयात डॉक्टरांना बाह्यरुग्ण तपासणीतून सवड मिळावी लागते, निवासव्यवस्था चालविणारा दिवाळी व मे महिन्याच्या हंगामात अन्य कशाचा विचार करू शकत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीतच ‘निर्णय कोण घेणार आणि केव्हा?’ हे नम्रपणे विचारून घ्यावे. सभेची तारीख ठाऊक असेल, तर पाठपुराव्याचा दिवस आपोआप ठरतो आणि विचारणाऱ्याला संकोच उरत नाही.

साधारणतः दोन-तीन दिवसांनी दरपत्रक पोहोचल्याची खात्री, आठवड्याने शंकानिरसन आणि पंधरवड्याने तिसरी विचारणा, हा क्रम पुरेसा होतो. प्रत्येक वेळी ग्राहकाच्या उपयोगाचे काही तरी सांगण्यासारखे असावे : आराखड्याचा नमुना, वगळता येण्याजोगी बाब, किंवा काम हंगामापूर्वी पूर्ण व्हावयाचे तर कधी सुरू करावे लागेल, याची माहिती. ‘काय झाले आमच्या कामाचे?’ एवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे पाठपुरावा नव्हे, तगादा होय. ग्राह्यतेची मुदत संपताना, ‘हे दरपत्रक आता रद्द समजावे, गरज भासेल तेव्हा नव्याने देऊ’ असे शेवटचे पत्र पाठवावे. संबंध न तोडता विषय संपविण्याची ही रीत आहे, आणि रखडलेला निर्णय कित्येकदा याच पत्रामुळे मार्गी लागतो. स्पष्ट नकार मिळाल्यास कारण विचारून नोंदवहीत लिहावे. सलग अनेक नकार दरामुळे आले, तर दर वा ग्राहकवर्ग यांपैकी एकाचा फेरविचार करावा लागतो.

ज्याने स्वतः दर मागितला त्याच्याशी संपर्क ठेवणे आणि अनोळखी व्यक्तींना सरसकट जाहिरातीचे संदेश धाडणे, यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांचे नियंत्रण आहे.

थकलेली रक्कम

कामानंतरच्या वसुलीलाही लेखी दरपत्रकाचाच आधार मिळतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६ च्या कलम १५ नुसार, सूक्ष्म वा लघु उपक्रमाची देय रक्कम लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, आणि ही मुदत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. करार नसल्यास १५ दिवसांची मर्यादा लागू होते. विलंब झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते, आणि कलम १८ नुसार सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. एकट्याने काम करणाऱ्यालाही उद्यम नोंदणी करता येते. १ जुलै २०२० पासून ती उद्यम संकेतस्थळावर केली जाते. ही नोंदणी काम स्वीकारण्यापूर्वीच झालेली असावी.

चिडून ग्राहकाचे चालू संकेतस्थळ बंद पाडणे किंवा त्याचा परवलीचा शब्द बदलणे मात्र टाळले पाहिजे. अधिकृत व्यक्तीला तिच्याच संगणकव्यवस्थेत प्रवेश नाकारणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ च्या कक्षेत येऊ शकते. अखेरचा हप्ता संकेतस्थळ चालू होण्यापूर्वी घेतला, तर असा प्रसंग बहुधा उद्भवत नाही.

समारोप

तासाचा परिव्यय काढण्याची पद्धत वाणिज्य शाखेच्या वर्गात शिकविली जाते, कराराची तत्त्वे व्यापारी कायद्याच्या तासाला आणि विनंतीपत्राची भाषा व्यावहारिक मराठीत. संकेतस्थळ तयार करणारा विद्यार्थी मात्र संगणक विभागात असतो आणि यांतील काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे आंतरविद्याशाखीय अध्ययनाला व कार्यप्रशिक्षणाला अभ्यासक्रमात स्थान मिळाले आहे. प्रकल्पाच्या अहवालासोबत त्याच कामाचे लेखी दरपत्रक आणि तासांची नोंदवही मागितली, तरी या विभागांमधील अंतर पुष्कळ कमी होईल. त्यासाठी नवा विषय वा नवे अनुदान लागत नाही.

महाविद्यालय स्वतःही ग्राहक असते. नॅक मूल्यांकनासाठी स्वयंअध्ययन अहवाल व अन्य कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवावी लागत असल्याने हे काम सतत चालू राहते. ते माजी विद्यार्थ्याकडून ‘अनुभव मिळेल’ या शब्दांवर करून घ्यावयाचे, की त्याच्याकडून दरपत्रक मागवून मुदतीत मोबदला द्यावयाचा, हा निर्णय प्राध्यापकांच्याच समितीकडे असतो. श्रमाचे मोल लेखी मागावे आणि ते वेळेवर द्यावे, हा धडा विद्यार्थी वर्गातील व्याख्यानापेक्षा या व्यवहारातून अधिक पक्का शिकतो.