हरभऱ्याला दिवसाची लाइन

बुलढाणा जिल्ह्यात मोठे औष्णिक वीज केंद्र नाही. शेजारी मात्र दोन्हीकडे आहेत: पूर्वेला अकोला जिल्ह्यात पारस, पश्चिमेला जळगाव जिल्ह्यात दीपनगर. कोळसा सोडून सूर्याकडे वळण्याची देशाची खटपट इथे धूर-राखेत दिसत नाही. ती दिसते रब्बीत, मोटरच्या वेळापत्रकात. कृषी वाहिनीला वर्षानुवर्षे आलटून-पालटून काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री थ्री-फेज वीज मिळत आली. ऐन ओलिताच्या दिवसांत रात्रीची पाळी लागली की कडाक्याच्या थंडीत हरभऱ्यात तुषारचे पाइप बदलत फिरायचे. साप-विंचू, रानडुकरे सगळीकडेच. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांना शिवाय अस्वलांची धास्ती. म्हणून या जिल्ह्यात सौरऊर्जेचे मोल युनिटांच्या आधी घड्याळात मोजले पाहिजे.

घड्याळाचा मुद्दा देशालाही लागू आहे. जून 2025 अखेर भारताच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून दोन तृतीयांशाहून अधिक आहे. कारण सोपे आहे. कोळशाचा संच रात्रंदिवस चालू शकतो, सौर पॅनेल संध्याकाळी झोपते. त्याची वीज रात्रीसाठी साठवायची तर बॅटरीचा खर्च चढतो. मग दिवसा हलवता येईल अशी मागणी शोधणे शहाणपणाचे. घरातला दिवा, पंखा, दवाखाना यांना दुपारपर्यंत थांबा म्हणता येत नाही, हरभऱ्याला येते. रात्री दोनला दिलेले पाणी आणि दुपारी दोनला दिलेले पाणी पिकाला जवळपास सारखेच. शिवाय बुलढाण्यात घाटावरच्या काळ्या पाषाणातल्या विहिरी रात्रभर झरतात आणि सकाळी पाणी घेऊन तयार असतात. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली ही साठवण आपण बॅटरीच्या हिशेबात कधी धरतच नाही.

महाराष्ट्राने 2017 मध्ये सुरू केलेल्या आणि 2023 मध्ये विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा गाभा हाच. उपकेंद्राच्या जवळपास काही मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट कृषी वाहिनीवर सोडायची. ढोबळ हिशेब करून पाहा. एक मेगावॉटचा प्रकल्प आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण 16 लाख युनिट देतो, म्हणजे दिवसाला चार हजारांहून जास्त. पाच हॉर्सपॉवरची मोटर आठ तास चालली तर सुमारे 30 युनिट खाते. त्या मापाने एका मेगावॉटवर दीडशेच्या आसपास मोटरी चालतात. एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो असे धरले, तर वर्षाला हजार टनांहून जास्त कोळसा वाचतो. आणि पैसा? या योजनेतली वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते; शेतीला वीज पुरवण्याचा एरवीचा खर्च त्याच्या दुपटीहून अधिक सांगितला जातो. 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते. ही खैरात टिकवायची असेल तर स्वस्त विजेवाचून मार्ग नाही.

ढग आले तर काय, हा आक्षेप वाटतो तेवढा मोठा नाही. वाहिनी ग्रीडला जोडलेली राहते, आणि ढगांच्या दिवसांत ओलिताची गरजही कमी असते. त्याचा अर्थ पारसचे संच उद्या बंद होतील असा नव्हे. संध्याकाळचा भार अजून त्यांच्यावरच आहे, आणि जो उलटे सांगतो तो फसवतो. पाण्याचा आक्षेप जास्त गंभीर आहे. फुकट आणि सोयीची वीज विहिरी लवकर उपसते. वाहिनीवर निदान तासांचे बंधन असते. शेतकऱ्याला दहा टक्के हिस्सा भरून मिळणाऱ्या स्वतंत्र सौर पंपाला ऊन असेपर्यंत तेही नाही. म्हणून जिथे वाहिनी पोचली आहे तिथे वाहिनीच सौर करावी. स्वतंत्र पंप लांबच्या शेतांसाठी राखावेत. घाटाखाली पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर वीज चोवीस तास दिली तरी जमिनीतले पाणी गोड होणार नाही. तिथला प्रश्न विजेच्या आधी पाण्याचा आहे आणि तो पॅनेलने सुटत नाही.

उरतो जमिनीचा प्रश्न, आणि मला तोच सर्वांत नाजूक वाटतो. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, दरवर्षी तीन टक्के वाढीसह. पण प्रकल्पांना आधी हवी असते सरकारी जमीन, म्हणजे आपल्याकडची ई-क्लास. कागदावर ती पडीक असते. प्रत्यक्षात तिच्यावर गावची गुरे, शेळ्या चरतात, आणि कित्येक ठिकाणी भूमिहीन कुटुंबे ती कसतात. ज्याच्या नावावर विहीर नाही, मोटर नाही, त्यानेच दिवसाच्या विजेची किंमत मोजायची, हे योग्य नाही. ग्रामपंचायतीला या योजनेत वर्षाला पाच लाख, तीन वर्षे असे अनुदान आहे. तुमच्या गावात ई-क्लासचा ठराव येईल तेव्हा ग्रामसभेला जा, गट नंबर विचारा, गुरे कुठे चरणार ते लिहून घ्या, आणि ते पंधरा लाख कुणासाठी खर्च होणार हे त्याच ठरावात नोंदवून घ्या.