अ‍ॅपल पायच्या झाकणावरची नक्षी

ऑक्टोबर सरत आला की न्यूयॉर्क राज्यात, आमच्या रॉचेस्टरच्या आसपासच्या बागांमध्ये नॉर्दर्न स्पाय ही सफरचंदं उतरतात. बाकीच्या बऱ्याच जातींची तोडणी तोवर उरकलेली असते. या जातीचं मूळ झाड १८०० च्या सुमारास इथून जवळच, ईस्ट ब्लूमफील्ड गावात वाढलं. साल पातळ, चव आंबटगोड, आणि ओव्हनमध्ये शिजूनही फोड मोडत नाही. थँक्सगिव्हिंगचा अ‍ॅपल पाय मी याच सफरचंदांचा करते. ती मिळाली नाहीत तर कॉर्टलँड आणि ग्रॅनी स्मिथ निम्मी-निम्मी घेते. मॅकिंटॉश नुसतं खायला सुरेख, पण पायमध्ये त्याचा लगदा होतो.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं. हा सण साऱ्या देशाने एकाच दिवशी साजरा करावा म्हणून सारा जोसेफा हेल या संपादिकेने वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, लेख लिहिले. १८६३ मध्ये लिंकन यांनी तशी घोषणा केली. चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो १९४१ मध्ये. त्या दिवशी घरोघरी टर्की, भोपळ्याचा पाय आणि अ‍ॅपल पाय असतो. अमेरिकेची खूण मानला गेलेला अ‍ॅपल पाय खरं तर इंग्लंडहून आला. खायची सफरचंदंसुद्धा युरोपातून आलेल्या लोकांनी आणली, आणि त्यांचे पूर्वज मध्य आशियातल्या डोंगरांमधले. १७९६ मध्ये अमेलिया सिमन्स यांचं ‘अमेरिकन कुकरी’ छापलं गेलं, तेव्हा अ‍ॅपल पाय त्यात होता.

आता पीठ. ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम लोणी आणि साधारण १०० ग्रॅम बर्फाचं पाणी, म्हणजे तीनास दोनास एक. चिमूटभर मीठ. ज्यांनी करंज्या केल्या आहेत त्यांना इथे एकच गोष्ट उलटी करायची आहे. करंजीला मोहन कडकडीत घालतो, त्यामुळे तूप पिठाच्या कणाकणाला लागतं आणि पारी खुसखुशीत होते. पायला लोणी फ्रिजमधून काढलेलं, वाटाण्याएवढे तुकडे राहतील इतपतच चोळायचं. ओव्हनमध्ये ते तुकडे वितळतात, लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाचे थर दूर सारते. साट्याच्या करंजीत तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा जे काम करतो, ते इथे हे तुकडे करतात. म्हणून पीठ मळायचं नाही. जेमतेम गोळा करून दोन चकत्या थापायच्या आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवायच्या. मळलं की मैदा चिवट होतो आणि भाजताना पारी आखडते.

सव्वा किलो सफरचंदांच्या फोडी, सवाशे ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, दालचिनी आणि थोडं जायफळ एकत्र करून अर्धा तास ठेवा. सुटलेला रस गाळून पातेल्यात दाट आटवा, मग गार करून तीन चमचे कॉर्नफ्लोअरबरोबर फोडींना चोळा. हे टाळू नये. कच्च्या फोडी भरल्या की त्या शिजून खाली बसतात, झाकण वरच राहतं, मध्ये पोकळी होते.

माझा जीव रमतो तो झाकणावर. दुकानातल्या पायवर जाळी किंवा चार चिरा असतात. घरच्या पायवर आपल्या हाताची खूण उमटलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे दिवाळी नुकतीच होऊन गेलेली असते, त्यामुळे करंजीचं कातणं हाताशीच असतं. जाळीच्या पट्ट्या मी त्याने कापते, नागमोडी कडा छान दिसते. काठाला चिमटे काढण्याऐवजी करंजीची मुरड घालते. पीठ गार असेल तर मुरड सुबक बसते आणि रसही आत राहतो.

उरलेल्या पिठाची पाती मुलीच्या ताब्यात. इथल्या बायका मेपलची पानं, ओकची बोंडं कापतात; आमच्या झाकणावर त्यांच्या शेजारी कोयऱ्या येतात आणि चैत्रांगणातलं कासवही येतं. ‘आई, याला डोळे?’ म्हणून ती दोन लवंगा खोचते. त्या खाण्याआधी काढायच्या, वास मात्र सफरचंदात उतरतो. कासवाच्या पाठीवरचे चौकोन आम्ही आरपार कापतो. खेळ म्हणून ते छान दिसतंच, पण वाफेला वाट हवीच. नाहीतर रस कुठून तरी झाकण फोडून बाहेर येतो.

नक्षीची पाती तीन मिलिमीटरची असावी. एकावर एक पानं रचली तर खालचं पीठ कच्चं राहतं. पानांच्या शिरा सुरीच्या पाठीने दाबायच्या आणि तुकडे दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून मगच चिकटवायचे. कडा रेखीव राहतात. रंगांचा खेळही करता येतो. पानांना अंड्याचं पिवळं लावलं तर ती गडद तांबूस होतात, खालच्या पारीला नुसतं दूध लावलं तर ती फिकट राहते. अंडं चालत नसेल तर साय आणि चिमूटभर साखर लावा.

आधी २२० अंशांवर वीस मिनिटं, मग १९० वर पाऊण तास. भोकांमधून रस संथ, दाट बुडबुडे काढू लागला की पाय झाला. पानांची टोकं आधीच करपू लागली तर वर फॉइल घाला. भारतात साध्या ओटीजीमध्येही नऊ इंची पाय होतो; सफरचंद गोड असेल तर लिंबू वाढवा आणि साखर कमी करा.

गरम पाय कापू नका. आतला रस आळायला तीन-चार तास लागतात. गुरुवारी ओव्हन टर्कीला लागतो, तेव्हा पाय बुधवारी रात्रीच करून ठेवा.